उसाचा तुरा आणि रात्रीची लांबी

वनस्पती प्रकाशाचा उपयोग दोन कामांसाठी करते. एक, अन्न तयार करण्यासाठी. आणि दुसरे, वर्षाचा कोणता काळ चालू आहे, आपण मातीत किती खोल आहोत, डोक्यावर दुसऱ्या कोणाची सावली आहे का, हे ओळखण्यासाठी. पहिल्या कामाला भरपूर ऊन लागते. दुसऱ्याला काही मिनिटांचा मंद उजेडही पुरतो. शाळेच्या पुस्तकात पहिल्या कामाला पानेच्या पाने मिळतात आणि दुसऱ्याला जेमतेम एखादा परिच्छेद. पीक कधी फुलावर येणार, बी कधी उगवणार, हे मात्र बरेचसे दुसऱ्यावर ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, १३ तास ५ मिनिटांच्या आसपास असतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ११ तास १० मिनिटांच्या आसपास. वर्षभरातला फरक दोन तासही भरत नाही. सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागतो तोही रोज मिनिटभराहून कमी. माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. पण तालुक्यातली भात, नाचणी, कारळे, सोयाबीन आणि ऊस ही पिके याच फरकावर चालतात. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे. पाऊस आठवडा-पंधरवडा मागेपुढे होतो, एखाद्या वर्षी दडी मारतो, एखाद्या वर्षी दिवाळीपर्यंत रेंगाळतो. थंडीही तशीच लहरी. ठरल्या तारखेला ठरल्या लांबीची येते ती फक्त रात्र. जी वनस्पती रात्र मोजायला शिकली तिला दरवर्षी चुकत नाही असे एक पंचांग मिळाले.

अन्न तयार करण्याच्या कामाबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरे. पानातील हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते. ही क्रिया हरितलवकातील पातळ पापुद्र्यांवर दोन वेगवेगळ्या प्रकाशप्रणालींमार्फत चालते. काही पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, काही सुटे. सुट्या पापुद्र्यांत पहिली प्रकाशप्रणाली तेवढी असते आणि रचलेल्या थरांत दोन्ही असतात, हे १९७० मध्ये प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी डी. जे. गुडचाइल्ड आणि रॉडरिक पार्क यांच्याबरोबर दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी डिटर्जंट न वापरता पापुद्रे वेगळे करण्याची रीत अवलंबली, म्हणून निष्कर्ष भक्कम ठरला. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात साने, व्ही. जी. तातके आणि टी. एस. देसाई यांनी पानावर प्रकाश टाकून, ते गोठवून, पुन्हा तापवताना त्यातून बाहेर पडणारी क्षीण दीप्ती मोजली आणि तिच्यावरून प्रकाशप्रणालीच्या आत काय घडते याचा माग काढला. साने यांना १९८१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. नंतर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. हे सारे प्रकाशाच्या पहिल्या कामाचे शास्त्र. येथून पुढचा विषय दुसऱ्या कामाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समजूत अशी होती की झाड पुरेसे वाढले, त्याला खतपाणी मिळाले, ऊब मिळाली की ते फुलते. फ्रान्समध्ये ज्यूलियाँ तुर्नोआ यांना १९१२ ते १९१४ च्या दरम्यान हॉप आणि भांग या वनस्पतींवर काम करताना शंका आली की फुलण्याचा संबंध दिवस लहान होण्याशी, किंबहुना रात्र मोठी होण्याशी असावा. १९१४ च्या महायुद्धात ते मारले गेले आणि काम तिथेच थांबले. जर्मनीत गेऑर्ग क्लेब्स त्याच दिशेने चालले होते. प्रश्नाचा निकाल मात्र अमेरिकेच्या कृषी खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड यांनी लावला, आणि तोही तंबाखूच्या एका अडचणीतून.

मेरीलँड मॅमथ ही तंबाखूची जात उन्हाळाभर वाढतच राहायची, माणसाच्या डोक्यावरून जायची, भरपूर पाने धरायची. पण फूल येईना, म्हणून बीही मिळेना. तेच झाड हिवाळ्यात काचघरात ठेवले की लहान असतानाच फुलायचे. दोघांनी तापमान पाहिले, खत पाहिले, ओलावा पाहिला, प्रकाशाची तीव्रता पाहिली. कशानेच उलगडा होईना. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक अंधारी खोपटी बांधली आणि तंबाखूच्या व सोयाबीनच्या कुंड्या दुपारनंतर आत ठेवून सकाळी उशिरा बाहेर काढायला सुरुवात केली. दिवस कृत्रिमरीत्या लहान होताच उन्हाळ्यातही मेरीलँड मॅमथ फुलला. १९२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. वनस्पतींचे तीन गट त्यातून पडले: दिवस ठरावीक लांबीहून लहान झाला की फुलणाऱ्या, मोठा झाला की फुलणाऱ्या आणि दिवसाच्या लांबीची फिकीर नसलेल्या. भात, सोयाबीन, ज्वारी, कारळे, शेवंती पहिल्या गटात येतात. गहू आणि हरभरा दुसऱ्या गटात. खरिपात पेरलेले पीक दसऱ्याच्या सुमारास का निसवते आणि हरभऱ्याला घाटे हिवाळा सरताना का लागतात, याचा अर्धा उलगडा या वर्गवारीत आहे.

वर्गवारीत एक चूक मात्र राहून गेली, आणि ती नावात अजूनही तशीच आहे. १९३८ मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग केले. बांधावर आणि पडीक रानात वाढणारे, मेंढ्यांच्या लोकरीला चिकटणाऱ्या फळांचे हे झुडूप महाराष्ट्रातही सर्वत्र आढळते. मराठीत त्याला शंकेश्वर किंवा घागरा म्हणतात. त्याला साडेआठ तासांहून मोठी अशी एकच रात्र मिळाली तरी ते फुलते. दिवसाच्या मध्यात थोडा वेळ अंधार केला तर काही फरक पडत नाही. पण मोठ्या रात्रीच्या मध्यात काही मिनिटे दिवा लावला की फुलणे रद्द. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हते, सलग अंधार मोजत होते. 'लहान दिवसाची वनस्पती' ही खरे तर मोठ्या रात्रीची वनस्पती आहे. तोवर नाव इतके रुळले होते की ते कोणी बदलले नाही.

रात्रीचा भंग करणारा तो थोडासा उजेड नेमका कोणत्या रंगाचा, हा पुढचा प्रश्न. तो सोडवणारे पथक अमेरिकेतच, मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात जमले. त्यात हॅरी बॉर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ, मॅरियन पार्कर हे त्यांचे सहकारी आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स हे रसायनशास्त्रज्ञ होते. हेंड्रिक्स मूळचे मातीतील खनिजांच्या रचनेचे अभ्यासक, लायनस पॉलिंग यांचे विद्यार्थी, आणि हाडाचे गिर्यारोहक. १९४२ मध्ये ते उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च शिखरावर जाऊन आले होते. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाने या शास्त्रातील एक मूलभूत शोध लावण्यात मोठा वाटा उचलला, याची नोंद करायला हवी.

या पथकाने एक मोठा वर्णपटदर्शक उभारला. कार्बन आर्कच्या प्रखर दिव्याचा प्रकाश प्रिझममधून सोडून त्याचा लांबलचक पट्टा पाडायचा आणि त्या पट्ट्यात ओळीने सोयाबीनची रोपे मांडायची; प्रत्येक रोपाच्या पानावर एकेक रंग. रात्रीच्या मध्यात हा प्रकाश दिल्यावर सर्वांत कमी प्रकाशात फुलणे थांबवले ते लाल रंगाने, ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीने. सोयाबीन आणि घागरा या लहान दिवसाच्या वनस्पती. पण बार्लीसारख्या मोठ्या दिवसाच्या वनस्पतीतही तोच रंग निघाला. फुलण्यावरचा परिणाम उलटा, रंग तोच. एकच रंगद्रव्य सगळ्यांच्या मुळाशी असावे असा तर्क बळावला.

त्याच केंद्रात एबन टूल आणि व्हिव्हियन टूल हे बियाण्यांचा अभ्यास करणारे दांपत्य होते. त्यांच्यापाशी एक जुने कोडे होते. १९३० च्या दशकात लुइस फ्लिंट आणि ई. डी. मॅकअलिस्टर यांनी लेट्यूसच्या बियांवर पाहिले होते की लाल प्रकाशात बी उगवते आणि त्याहून थोड्या लांब लहरींच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या दूर-लाल प्रकाशात उगवण रोखली जाते. बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांनी टूल दांपत्याबरोबर हा प्रयोग नव्या वर्णपटावर केला, आणि त्यात एक साधी गोष्ट जोडली: लाल आणि दूर-लाल प्रकाश एकापाठोपाठ एक द्यायचा. लाल दिला तर शंभरातली सत्तरच्या आसपास बियाणी उगवली. लालनंतर दूर-लाल दिला तर सहा-सात. पुन्हा लाल दिला तर पुन्हा सत्तरच्या वर. असे कितीही वेळा केले तरी हिशेब शेवटच्या प्रकाशावर ठरे; आधीचे सारे पुसले जाई. १९५२ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांत त्याची गणना करावी लागेल, कारण त्याला लागली ती काही भिजवलेली बियाणी आणि दोन रंगांचा उजेड. निष्कर्ष मात्र निःसंदिग्ध.

निष्कर्ष असा की बियाण्यात एक रंगद्रव्य आहे आणि त्याची दोन रूपे आहेत. एक रूप लाल प्रकाश शोषून दुसऱ्यात बदलते. दुसरे दूर-लाल, म्हणजे ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून परत पहिल्यात येते. दुसरे रूप क्रियाशील, पहिले निष्क्रिय. भिंतीवरच्या बटणासारखे हे काम आहे: शेवटी कोणी कुठे दाबले एवढेच महत्त्वाचे. त्या वेळी रंगद्रव्य कोणी पाहिलेले नव्हते. पुष्कळांना ते कागदावरचेच वाटे. १९५९ मध्ये वॉरन बटलर, कार्ल नॉरिस, हॅरोल्ड सीगलमन आणि हेंड्रिक्स यांनी अंधारात उगवलेल्या मक्याच्या फिकट कोंबांत ते प्रकाशमापकाने पकडले आणि अर्काच्या रूपात वेगळेही केले. हिरव्या पानात हरितद्रव्याच्या गर्दीत ते दिसले नसते. अंधारातला कोंब निवडणे हीच खरी हुशारी. लवकरच त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले. पुढे जनुकशास्त्राने दाखवले की ते एक नसून त्याचे कुटुंब आहे. भातात त्याची तीन जनुके आहेत, आणि मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपात पाच.

बियाण्याला या रंगद्रव्याचा उपयोग काय, हे निपाणी परिसरातल्या तंबाखूच्या तरव्यावर सहज दिसते. तंबाखूचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बसतात. असे बी दोन इंच खोल गेले तर कोंब उजेडापर्यंत पोहोचण्याआधीच त्यातले अन्न संपेल. म्हणून तंबाखूच्या बऱ्याच जातींचे बी उजेड लागल्याशिवाय उगवत नाही. शेतकरी हे बी राख किंवा बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर विसकटतात आणि मातीने गाडत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या रीतीमागे फायटोक्रोम आहे. उलट भात, हरभरा, भुईमूग यांच्या मोठ्या बियाण्यात शिदोरी पुरेशी असल्याने त्यांना उजेडाची परवानगी लागत नाही.

तणांचे बी बहुतेक बारीक असते, आणि भांगलणीचा कधी न संपणारा त्रास यातूनच येतो. मातीत गाडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. नांगर किंवा कोळपे फिरले की ते क्षणभर वर येते, त्याला उन्हाची एक झलक मिळते आणि पुन्हा मातीखाली गेले तरी बटण दाबले गेलेले असते. जर्मनीत कार्ल हार्टमन यांनी रात्री नांगरट करून पाहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तणांनी व्यापलेली जमीन ८० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली. नंतर इतरांना इतके स्पष्ट निकाल मिळाले नाहीत, कारण सगळी तणे सारखी नसतात आणि ओलावा, तापमान यांचाही हात असतो. त्यामुळे रात्रीची नांगरट हा उपाय म्हणून फारसा पसरला नाही. मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांचे बी भरून २० बाटल्या पुरून ठेवल्या होत्या. त्यातली एक २०२१ मध्ये काढली तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बियाणी उगवली. ती बाटली मुद्दाम रात्रीच्या अंधारात उकरून काढली. उरलेल्या बाटल्यांतल्या बियांना उजेड लागू नये, हे कारण.

जंगलातला हिशेब थोडा वेगळा. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि दूर-लाल बराचसा खाली जाऊ देते. मोकळ्या आकाशाखाली लाल आणि दूर-लाल प्रकाश जवळजवळ सारखा असतो. दाट छताखाली दूर-लालचा भाग कित्येक पटींनी जास्त. म्हणून तिलारीच्या किंवा पारगडच्या रानात जमिनीवर उजेड दिसत असूनही अनेक बारीक बिया झोपून राहतात. पावसाळ्यात एखादे मोठे झाड उन्मळून पडले आणि छताला भगदाड पडले की लाल प्रकाश थेट मातीवर येतो आणि चांदाड्यासारखी मोकळ्या जागेत भराभर वाढणारी झाडे तिथे उभी राहतात. उगवलेली रोपेही हाच इशारा वाचत असतात. शेजारच्या पानांवरून परतलेला दूर-लाल प्रकाश वाढला की रोप पाने सोडून उंची धरते. दाट पेरलेल्या तरव्यातली रोपे हाताभर लांब आणि काडीसारखी बारीक होतात ती खताअभावी नव्हे. सावली पडण्याआधीच ती तिच्यातून पळ काढू पाहतात.

आता पुन्हा रात्रीकडे. चंदगडसारख्या भागात एक शंका रास्त आहे: जून ते सप्टेंबर आभाळ महिनोन्‌महिने दाटलेले असते, मग दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे भाताला कळते कसे? उत्तर असे की फायटोक्रोम अत्यंत कमी प्रकाशातही आपले रूप बदलते. ढगाळ दिवसाचा उजेडही त्याच्या गरजेच्या कितीतरी वरचा असतो, आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या संधिप्रकाशाचा काही भागही ते दिवसात धरते. ढगांमुळे अन्न कमी तयार होते. खरीप भाताचा उतारा उन्हाळी भातापेक्षा बऱ्याचदा कमी पडतो त्याचे हे एक कारण. पण मोजमापात चूक होत नाही. एकाच पानात प्रकाशाची दोन कामे किती वेगळी आहेत, हे पावसाळ्यातल्या भाताच्या खाचरात जितके स्पष्ट होते तितके कोरड्या मुलखात होणार नाही.

हे मोजमाप किती बारीक असू शकते याचा नमुना जे. डोर यांनी १९५९ मध्ये दिला. मलायातील मलाक्का विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर आहे आणि तेथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या व लहान दिवसात फक्त १४ मिनिटांचा फरक असतो. सियाम २९ हा भात तेथे सप्टेंबरात पेरला तर १६१ दिवसांत फुलला. जानेवारीत पेरला तर ३२९ दिवस लागले. चौदा मिनिटांच्या फरकावर साडेपाच महिने.

नुसत्या रंगद्रव्याने एवढे साधत नाही. आरंभी असे वाटले होते की संध्याकाळी क्रियाशील रूप उरते, अंधारात ते हळूहळू निष्क्रिय होते आणि त्याच्या ओसरण्यावरून रात्र मोजली जाते. पण हे रूप अनेक वनस्पतींत रात्र संपण्याच्या फार आधीच ओसरते. एर्विन ब्युनिंग यांनी १९३६ मध्येच सुचवले होते की वनस्पतीत सुमारे २४ तासांचे एक अंतर्गत घड्याळ असते आणि प्रकाश त्या घड्याळाच्या कोणत्या प्रहरावर पडतो यावर फुलणे ठरते. लाजाळूची पाने सततच्या अंधारातही दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे फ्रान्सच्या द मेरां यांनी १७२९ मध्येच पाहिले होते. ब्युनिंग यांचे म्हणणे बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. पुढे हॅमनर यांनी सोयाबीनला तीन-तीन दिवसांच्या चक्रात ठेवले तेव्हा लांब अंधारातला दिव्याचा परिणाम लयीने वरखाली होताना दिसला आणि घड्याळाची बाजू वरचढ ठरली. भारतात दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी आणि सहकाऱ्यांनी डबक्यावर तरंगणाऱ्या वुल्फियासारख्या इवल्या वनस्पती परीक्षानळीत वाढवून फुलण्यावरच्या प्रकाशाच्या नियंत्रणाचा अभ्यास केला. कित्येक कुंड्यांऐवजी एक नळी पुरत असल्याने हे काम मर्यादित साधनांतही नेटके झाले.

दुसरा धागा पान आणि शेंडा यांच्यातला. रात्र मोजते पान. फूल येते शेंड्यावर. म्हणजे पानाकडून काही तरी शेंड्याकडे जायला हवे. रशियातील मिखाइल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात या अज्ञात द्रव्याला फ्लोरिजेन असे नाव दिले. पुढची सत्तर वर्षे ते सापडले नाही आणि काहींनी ते नाहीच असे ठरवून टाकले. २००७ मध्ये जपानमध्ये को शिमामोतो यांच्या गटाने भातात आणि युरोपातील एका गटाने अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये दाखवले की ते एक लहान प्रथिन आहे. पानात तयार होते आणि अन्नरसाच्या वाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाते. भातात रात्र मोठी झाली की या प्रथिनाचे जनुक जागे होते, रात्र लहान असताना दाबले जाते. पोटरीवर येण्याच्या कितीतरी दिवस आधी पानात हा निर्णय झालेला असतो.

चंदगडच्या शेतकऱ्याला प्रकाशाचा हा खेळ सर्वांत ठळकपणे दिसतो तो उसात. ऊस मोठ्या रात्रीचा, पण त्याची अट अरुंद आहे. दिवस कमी होत होत साडेबारा तासांच्या आसपास यावा, तो काळ पुरेसे दिवस टिकावा, रात्री फार थंड नसाव्यात, पाण्याचा ताण नसावा, आणि उसाची काही कांडी तयार झालेली असावीत. १६ अंश अक्षांशावर दिवस साडेबारा तासांवर येतो तो ऑगस्टच्या अखेरीस. नेमक्या त्याच वेळी या पट्ट्यात पाऊस असतो, हवा दमट असते आणि रात्री फार गार नसतात. म्हणून येथे तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा, भरघोस येतो. तुरा बाहेर दिसतो दसरा-दिवाळीपासून. निर्णय मात्र श्रावण-भाद्रपदात झालेला असतो. तुरा दिसल्यावर खत-पाण्यात केलेल्या बदलाने काही साधत नाही, ते यामुळेच. आदल्या वर्षी जुलैत लावलेला आडसाली ऊस त्या वेळी तेरा महिन्यांचा असतो आणि हमखास सापडतो; उशिरा लावलेला, ऑगस्टअखेर कोवळा असलेला ऊस सुटतो.

तुरा आला की शेंड्याची वाढ संपते. नवी कांडी येत नाहीत, बाजूने पांगशा फुटतात आणि ऊस उभाच राहिला तर वरून दशी पडून तो पोकळ होत जातो, वजन घटते. म्हणून तुऱ्याची धास्ती घेतली जाते. ती थोडी वाजवीपेक्षा जास्त आहे. तुरा आल्यानंतर पहिला काही काळ साखर कमी होत नाही, उलट वाढ थांबल्याने ती साठते. नुकसान होते ते तोडणी लांबल्याने. आणि तोडणीची तारीख शेतकऱ्यापेक्षा कारखान्याच्या आणि टोळ्यांच्या हातात असते. रात्रीच्या मध्यात दिवे लावून तुरा रोखता येतो, हे हवाई बेटांवरील प्रयोगांत दिसले होते. पण एकरामागून एकर उजळणे येथे परवडणारे नाही. व्यवहारात उरतात ते लागणीची वेळ आणि कमी तुरा येणाऱ्या जातीची निवड.

शेतकऱ्याला नको असलेला हाच तुरा ऊसपैदास करणाऱ्याला मात्र हवा असतो. तुऱ्याशिवाय बी नाही आणि बियाशिवाय संकर नाही. उत्तर भारतात थंडीमुळे ऊस नीट फुलत नाही म्हणून १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास संस्था सुरू झाली, तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी उसाचा नदीकाठच्या रानटी काशाशी संकर करून को २०५ ही जात तयार केली. महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर असलेली को ८६०३२ ही त्याच संस्थेची. चंदगडच्या शेजारी, घाटमाथ्यावर आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ऊस पैदास केंद्र आहे. ते तिथे असण्याचे कारण वर सांगितलेल्या अटींतच आहे. अडचण एवढीच की सगळ्या जाती एकाच आठवड्यात फुलत नाहीत. लवकर फुलणारी आणि उशिरा फुलणारी जात एकत्र आणायची तर रात्रीशी खेळावे लागते. जगभरच्या ऊस केंद्रांत त्यासाठी कुंड्या गाड्यांवर ठेवून ठरलेल्या वेळी अंधाऱ्या खोलीत ढकलतात, किंवा दिवे लावून तुरा मागे ढकलतात. गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांची खोपटी शंभर वर्षांनंतर रुळांवर चढली आहे.

भाताच्या पैदाशीत उलटी दिशा घेतली गेली. जुन्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, जाती रात्रीवर चालत. लवकर पेरल्या काय आणि पंधरा दिवस उशिरा पेरल्या काय, पाऊस ओसरल्यावर जवळजवळ एकाच सुमाराला निसवत. १९६६ चा आयआर ८ आणि त्यानंतरच्या बुटक्या जाती दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या निवडल्या गेल्या, म्हणजे एकच बियाणे कोणत्याही अक्षांशावर आणि कोणत्याही हंगामात चालावे. ज्वारीत १९६४ च्या सीएसएच १ या संकरित वाणाने तेच केले. उन्हाळी भात आणि वर्षाला दोन पिके त्यातून शक्य झाली, आणि त्यांचे मोल कमी नाही. किंमतही मोजावी लागली. असे वाण पेरल्यापासूनचे दिवस मोजते, ऋतू मोजत नाही. वेळेवर पेरलेली संकरित ज्वारी परतीच्या पावसात सापडते आणि तिचे दाणे काळे पडतात; रब्बीत मालदांडी या जुन्या वाणाचे स्थान आजही टिकून आहे त्यामागे भाकरीच्या चवीखेरीज हवामानाशी जुळलेला हा स्वभावही आहे. ज्या मुलखात पावसाच्या तारखा अधिकाधिक बेभरवशाच्या होत आहेत तेथे रात्र मोजणाऱ्या जुन्या वाणांचे बियाणे जपणे शहाणपणाचे ठरेल.

कांद्यात हा गुण टाळून चालतच नाही. गड्डा धरण्यासाठी कांद्याला मोठा दिवस लागतो, पण किती मोठा हे जातीवर ठरते. युरोपातील जाती १४ ते १६ तासांच्या दिवसाशिवाय गड्डा धरत नाहीत. महाराष्ट्रात एवढा मोठा दिवस कधीच येत नाही, म्हणून ते बियाणे येथे पातीवरच थांबते. निफाड ५३ सारख्या येथल्या जाती ११-१२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात.

सगळीच कोडी या रंगद्रव्याने सुटतात असे नाही. घाटमाथ्यावरची कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि मग एकाच पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर फुलते. महिना कोणता हे रात्रीच्या लांबीवरून ठरणे शक्य आहे. वर्षे कशी मोजली जातात हे मात्र त्यातून कळत नाही. शिवाय फायटोक्रोम निव्वळ प्रकाशाचेही नाही: २०१६ मध्ये दोन गटांनी दाखवले की त्याचे क्रियाशील रूप उबदार रात्री लवकर ओसरते, म्हणजे तेच रंगद्रव्य तापमानही सांगते. रात्री उबदार होत गेल्या तर पिकांच्या पंचांगावर काय परिणाम होईल, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

कृत्रिम दिव्यांचा वापर आता शेतापर्यंत आला आहे. पॉलिहाउसमध्ये शेवंती लावणारे बागायतदार सुरुवातीचे काही आठवडे मध्यरात्री दिवे लावून झाड वाढवून घेतात, आणि दांडा हवा तेवढा लांब झाला की दिवे बंद करून, गरज पडल्यास काळे कापड ओढून, फूल आणतात. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसाचे. त्याच्या बागेत हिवाळ्यात एलईडी लावून बिगरहंगामी फुले घेतली जातात. हेतू नसतानाही तेच घडते. रस्त्यावरच्या दिव्याखाली आलेल्या पट्ट्यातले सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडून काढणीला आले तरी हिरवे उभे राहते आणि शेंगा उशिरा भरतात. खांब बसवताना शेताच्या बाजूला आडोसा लावला, किंवा सप्टेंबरपर्यंत तेवढे दिवे रात्रभर बंद ठेवले, तर हा पट्टा उरलेल्या शेताबरोबर काढणीला येतो.